१/३५ टी-५५ : वरचा हल खालच्यावर बसेना. साचा खराब, शॉट खराब, की आपलं ऊन?

गोदाकाठ, नांदेड

राम राम मंडळी.

सुट्टीत जोडायला म्हणून टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ मापाचं प्लास्टिक किट मागवलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच 'अमकी भारी की तमकी' कडे वळेल. मोठ्या जपानी कंपनीचं किट नाही, त्यापेक्षा बरंच स्वस्त आहे, एवढं पुरे.

डब्यावरचं चित्र झकास. आतला माल बघून मात्र डोकं धरलं. वरचा हल (रणगाड्याच्या धडाचा वरचा भाग) खालच्या टबवर ठेवला तर पुढचं टोक चपखल बसतं, पण मागं इंजिन डेकपाशी पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी फट राहते. मागून दाबलं की पुढं उचकतं. दोन्ही मडगार्ड मधोमध वर उचललेत. तोफेची नळी दोन अर्ध्या तुकड्यांची आहे. जोडून धरली की एक अर्धं दुसऱ्यापेक्षा केसभर वर राहतं, नखाला लागतं. हॅचच्या आतल्या बाजूला गोल ठसे, रोडव्हीलच्या रबरावर पातळ पापुद्रे, हेडलाइटच्या जाळीचा एक दांडा अर्धाच आलेला. व्हिनाइलचे ट्रॅक (चाकांवरचे पट्टे) आखूड, ओढून धरले तरच टोकाला टोक भिडतं. डिकॅलचा (रणगाड्यावर चिकटवायच्या खुणांचा) कागद पिवळा पडलाय तो वेगळाच.

विक्रेता म्हणतो, डबा उघडला की परत घेत नाही. अरे, उघडल्याशिवाय कळणार कसं?

तर यातलं काय दुरुस्त होईल आणि कशाचा नाद सोडावा, तेवढं सांगा. अजून कशालाच गोंद लावलेला नाही.

सिडको_एन७, छ. संभाजीनगर

गोंद लावला नाहीत हेच सगळ्यात शहाणपणाचं काम केलंत. पण खरं सांगू का, असल्या किटवर पुट्टी, वेळ आणि मनस्ताप खर्च करण्यापेक्षा थोडे थांबून चांगलं घ्यावं. तामिया या जपानी कंपनीचा टी-५५ए २००२ चा आहे, पण अजून त्याच्या फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही.

गोदाकाठ, नांदेड

सिडकोवाले, तुमचं बरोबर आहे, पण २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७० झाली. स्केल मॉडेलही त्यातच मोजतात. 'थोडे थांबून' म्हणजे किती थांबायचं ते तुम्हीच सांगा :)

वाळूजचा_डायवाला

मी वाळूजला इंजेक्शन मोल्डिंगमध्ये आहे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून पार्ट काढतो. आम्ही गाड्यांचे पार्ट काढतो, रणगाडे नाही. पण मशीन तेच आणि दोषही तेच. गोदाकाठ यांनी लिहिलेली यादी वाचून मला आमच्या क्वालिटीवाल्याची रिजेक्शन शीट आठवली. या सगळ्याला 'खराब क्वालिटी' हे एकच नाव देऊ नका. प्रत्येकाचा बाप वेगळा आहे आणि त्यावरच इलाज ठरतो.

चाकावरचे पापुद्रे म्हणजे फ्लॅश. साच्याच्या दोन अर्ध्यांच्या कडा झिजल्या, किंवा मशीननं साचा पुरेशा जोरानं दाबून धरला नाही, की त्या फटीतून माल बाहेर डोकावतो. झिजलेल्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक डब्यात तो असणार. ब्लेडनं खरवडला की विषय संपला.

जाळीचा अर्धा दांडा म्हणजे शॉर्ट शॉट. माल टोकापर्यंत पोचलाच नाही. प्रेशर कमी होतं, माल थंड पडला होता, किंवा हवा अडकली होती. हा त्या एका शॉटचा (साच्यात एकदा माल भरण्याचा) दोष, पुढच्या डब्यात कदाचित नसेल. इलाज सोपा आहे. मेणबत्तीवर स्प्रूचा (पार्ट ज्या चौकटीला लागलेले येतात तिचा) तुकडा धरा, मऊ पडला की दोन्हीकडून ओढा, तार निघते. ती कापून लावा.

हॅचचे गोल ठसे हा दोषच नाही. पार्ट साच्यातून ढकलून काढायला पिना लागतात, त्यांचे ते ठसे. डिझाइनरनं त्या दिसणाऱ्या बाजूला ठेवल्या, ही त्याची आळशीगिरी. पण त्यासोबत सिंक मार्कही बघा. पार्टच्या पाठीमागं जाड रिब किंवा खुंटी असते, तिथं वरची कातडी आधी घट्ट होते आणि आतला जाड माल मागाहून थंड होतो. तो आकसताना वरच्या पृष्ठभागाला आत ओढतो, म्हणून बाहेरून उथळ खळगा दिसतो. होल्डिंग प्रेशर कमी ठेवलं की हा हमखास येतो. दिव्याचा उजेड तिरपा पाडला की लगेच सापडतो, सरळ उजेडात दिसत नाही.

नळीची पायरी. एकाच तुकड्यावर पायरी असेल तर साच्याचे दोन भाग सरकलेत. पण तुमची नळी दोन वेगळ्या तुकड्यांची आहे, म्हणजे आतल्या जुळवणीच्या खुंट्या आणि भोकं चुकलीत. त्या खुंट्या सरळ कापून टाका. मग दोन्ही अर्धी हातानं जुळवा, टोकाकडून बघत सरकवा, जुळलं की पातळ गोंद सोडा. खुंटी असते मदतीला, इथं तीच मुळावर आलीय.

आता हलची फट, तुमचं मुख्य दुखणं. पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिक, थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. साचा करतानाच तेवढी भर धरलेली असते. पण वरचा आणि खालचा हल वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळ्या घाईनं काढला तर आकसणंही वेगवेगळं होतं. १८ सेंटिमीटर लांबीवर अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ १ मिमी. यात थोडा जरी फरक पडला तरी तुमचं पोस्टकार्ड आत जातं. म्हणून आधी व्हर्नियरनं दोन्हीची लांबी-रुंदी मोजा. सारखी आली तर भाग आकसलेला नाही, वाकलेला आहे, किंवा आत काहीतरी अडतंय. मोजल्याशिवाय पुट्टीचा डबा उघडू नका.

एक विचारतो, पार्सल कोणत्या महिन्यात आलं?

गोदाकाठ, नांदेड

एप्रिलच्या शेवटी. कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात पडून होतं, मीच जाऊन आणलं.

मोजतो आणि सांगतो.

वाळूजचा_डायवाला

मग मडगार्डचं कोडं अर्धं सुटलं. पॉलिस्टायरिन मऊ पडतं ९०-१०० अंशांना, गोदामात तेवढं तापत नाही. पण कंपनीनं शॉटचा वेळ वाचवायला पार्ट गरम असतानाच बाहेर काढला असेल तर त्यात ताण तसाच कोंडलेला राहतो. वर दुसऱ्या फ्रेमचं वजन, शेड तापलेली, आठ-पंधरा दिवस मुक्काम. लांब आणि पातळ पार्ट हळूहळू वाकतोच. घाई कंपनीची, ऊन आपलं.

नवखा_जालना

लई भारी माहिती सर. मी पण पहिलंच किट करायलोय, टी-५५ च. एक विचारायचं होतं. आमच्याकडं गॅरेजमधी एनसी पुट्टी आणि थिनर दोन्ही पडून आहे. तेच वापरलं तर चालतंय का? का ते बाहेरून मागवायचं असतंय ते पाहिजेच?

सुईदोरा, परभणी

नवखा, एनसी पुट्टी चालते, मी तीच वापरते. ऑटो पेंटच्या दुकानात मिळते, स्वस्त आहे, छान घासली जाते. पण ती सुकताना बसते, म्हणून जाड थर एकदम देऊ नकोस. पातळ दे, पूर्ण सुकू दे, मग परत दे. आणि थिनरचा डबा त्या टेबलावरून उचलूनच ठेव. एनसी थिनर प्लास्टिक खातो. ब्रश धुवायला ठीक, पार्टवर एक थेंब पडला की तिथली वेल्डची रेघ गेलीच समज.

मोठ्या फटीला पुट्टी नाहीच, तिथं एम-सील. ते बसत नाही. बोट ओलं करून गुळगुळीत करता येतं, नंतर घासायचं काम निम्मं होतं. आणि जिथं फट प्लास्टिकनंच भरायला हवी तिथं त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे पातळ गोंदाच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेव, लापशी होते. भरलेली जागा पक्की व्हायला वेळ घेते, पण नंतर ती किटचाच भाग होऊन जाते, ब्लेडनं तशीच कापली जाते. फक्त खिडकी उघडी ठेवून कर. कूलर लावलेल्या बंद खोलीत हा वास डोक्यात जातो.

आता गोदाकाठ, तुमचे मडगार्ड. पाणी तापवा, पण उकळतं नको. उकळत्यात पातळ पार्ट आणखीच मुरडतो. उतरवून दोन-चार मिनिटं थांबा. मडगार्ड काचेच्या पट्टीवर उलटा ठेवून दोन्ही टोकांना रबर बँड लावा. सरळ करायचा त्यापेक्षा किंचित जास्त, उलट्या बाजूला वाकेल असा दाब द्या, कारण थोडा परत येतो. पाण्यात बुडवा, थांबा, मग तसाच काचेसकट माठातल्या पाण्यात. रबर बँड लगेच सोडू नका.

निवृत्त_दफादार, बीड

सगळे प्रतिसाद वाचले. मी लष्कराच्या आर्मर्डमध्ये, म्हणजे रणगाडा दलात होतो. नातवामुळे या नादाला लागलो. टी-५५ आतून-बाहेरून पाहिला आहे म्हणून दोन शब्द.

मडगार्ड पाण्यात घालून सरळ करायचे म्हणता, करा. पण खऱ्या गाडीचे मडगार्ड मी तरी सरळ बघितले नाहीत. पातळ पत्रा तो. फील्डवर झाडाला घासतो, चिखलानं दबतो, चढता-उतरता जवानाच्या बुटानं चेपतो. फक्त वाक योग्य जागी हवा. टोकाला, कडेला असतो. मधोमध कमानीसारखा वर उचललेला नसतो.

नळीच्या बाबतीत मात्र डायवाल्यांशी पूर्ण सहमत. तिथं तडजोड नाही. टँकमध्ये एक गोष्ट सरळ असायलाच पाहिजे ती म्हणजे बॅरल.

आता ट्रॅक. तुमचा ट्रॅक आखूड आहे म्हणता. टी-५५ ला पुढं आयडलर (ट्रॅक ताणायचं चाक), मागं स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक). ट्रॅक ढिला पडला की आम्ही आयडलर पुढं सरकवायचो, ताणलेला वाटला की मागं घ्यायचो. आयडलर क्रँकवर असतो, तो फिरतो. तुमच्या किटमध्ये आयडलरचा दांडा वेगळा पार्ट असेल तर तोच मागं फिरवून चिकटवा. ट्रॅकला लांबी मिळेल आणि ते चुकीचंही दिसणार नाही. ओढून-ताणून बसवू नका. या गाडीला वरचे रोलर नाहीत, ट्रॅक चाकांच्या डोक्यावर टेकलेला असतो. ताठ तारेसारखा ट्रॅक दिसला की जाणकाराला लगेच खटकतं.

सिडको_एन७, छ. संभाजीनगर

दफादार काका, सलाम. ट्रॅकवर एक भर घालतो. व्हिनाइलचा ट्रॅक आणि पॉलिस्टायरिनची चाकं यांचं जमत नाही. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि चाकं वितळवतं. माझ्याकडच्या जुन्या शर्मन रणगाड्याच्या मॉडेलची चाकं अशीच ट्रॅकला चिकटून गेली आहेत, आता वेगळी होत नाहीत. डब्यातसुद्धा ट्रॅक वेगळ्या पिशवीत ठेवा. चाकांना प्रायमर आणि रंग आधी, ट्रॅक शेवटी.

आणि हो, मघाशी 'चांगलं किट घ्या' म्हणालो ते मागं घेत नाही. पण धागा रंगलाय, चालू द्या.

गोदाकाठ, नांदेड

मोजलं. डायवाले, वरच्या आणि खालच्या हलची लांबी सारखी भरली. रुंदीही सारखी. म्हणजे आकसण्याची भानगड नाही.

मग टॉर्च आत धरून बघितलं. वरच्या हलच्या मागच्या कोपऱ्यात, आतून, इजेक्टर पिनचा ठसा खड्डा नसून उलटा वर आलाय, बटणासारखा. तो टबच्या भिंतीच्या काठावर टेकतो. बॉलपेनची शाई काठाला लावून वर हल ठेवला तर शाई नेमकी त्या बटणावर उमटली. ब्लेडनं तो सपाट केला तर फट निम्म्यावर आली. आता पोस्टकार्ड जात नाही, साधा कागद जातो.

उरलेली फट डावीकडं जास्त, उजवीकडं नाहीच. म्हणजे आता फक्त वाक राहिला असं धरू का?

वाळूजचा_डायवाला

शाबास. शाईची युक्ती आमचे फिटर डाय जुळवताना वापरतात, फक्त ते निळा रंग लावतात. पिन मागं सरकलेली असली की असं बटण येतं. साच्याचा दोष, त्या बॅचच्या सगळ्या डब्यांत असणार. ज्यांच्याकडं हेच किट आहे त्यांनी त्या कोपऱ्यात बोट फिरवून बघा.

उरलेला वाक दाबून निघेल. पण एकदम सगळीकडं गोंद सोडू नका.

सुईदोरा, परभणी

हो, तुकड्या-तुकड्यानं. आधी पुढचं टोक, जिथं आपणहून बसतंय तिथं चिकटवा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी मागचा भाग दाबून रबर बँड बांधा, पातळ गोंद फटीत ब्रशनं सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. वाकलेला पार्ट दाबून चिकटवला की सांध्यावर कायम ताण राहतो. म्हणून आतून स्प्रूचे दोन-तीन तुकडे आडवे टेकू म्हणून लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहिलात तर पुढच्या मे महिन्यात सांधा उघडतो.

आणि हल पूर्ण बंद करण्याआधी चाकांचे दांडे बघून घ्या. टब सपाट काचेवर ठेवा, चाकं नुसती अडकवा. पाचही चाकं काचेला टेकतात का? स्वस्त किटमध्ये एखादं हमखास हवेत राहतं. त्याच्या दांड्याचं भोक किंचित मोठं करून चाक काचेवर टेकलेलं असतानाच गोंद लावायचा.

नवखा_जालना

ताई, टरेटचं (तोफेच्या फिरत्या डोक्याचं) काय करायचं? माझं पण वरचं-खालचं अर्धं जोडल्यावर कडेनं रेघ दिसायली. घासून घासून गुळगुळीत केलं तर आता तेवढाच पट्टा टकलावानी चमकायलाय.

सुईदोरा, परभणी

टरेट गुळगुळीत करायचंच नसतं रे. टी-५५ चं टरेट ओतीव पोलादाचं आहे, त्याला खरबरीतपणा असतो. सांधा भरून घासलास ते बरोबर. आता त्या पट्ट्यावर पातळ गोंदाचा हात फिरव, प्लास्टिक मऊ पडलं की जुन्या, केस कापलेल्या ताठ ब्रशनं टोचत जा. हवं तर गोंदात चिमूटभर पुट्टी कालव. एकसारखं टोचू नकोस, कुठं दाट कुठं विरळ. सुकल्यावर वरचे काटे बाराशेच्या वॉटर पेपरनं हलकेच मोड. मग सगळ्या टरेटवर तोच हात एकदा फिरव, नाहीतर जुनी जागा आणि नवी जागा वेगळी दिसेल.

डिकॅलचं राहिलंच. गोदाकाठ, पिवळा कागद फेकू नका. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, तोंड उन्हाकडं. पिवळेपणा उडतो. परभणी-नांदेडच्या उन्हाला त्यासाठी फार दिवस लागत नाहीत. लावताना मात्र आधी ग्लॉस वार्निश, मग डिकॅल, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं.

निवृत्त_दफादार, बीड

डिकॅलवरून आठवलं. तुम्ही ही गाडी कुणाची करणार आहात? किटमध्ये बहुतेक सोव्हिएत खुणा असतील. आपली १९७१ ची करणार असाल तर बॅरलच्या मध्यावर एक डबा लावावा लागेल.

त्या युद्धात आपल्याकडं टी-५५ आणि त्यांच्याकडं चिनी टी-५९. दोन्ही एकाच टी-५४ च्या घराण्यातले. लांबून, धुळीत, ओळखणार कसे? म्हणून आपल्या टी-५५ च्या बॅरलवर मधोमध खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (तोफेतला धूर काढायचा डबा) बसवला होता. आत काही नाही, नुसती ओळख. म्हणजे बघा, तुमच्या नळीचा सांधा जिथं सगळ्यात जास्त त्रास देणार, त्यातला बराचसा या डब्याखाली झाकला जाईल.

टी-५९ ला टरेटवर पुढच्या बाजूला हवेच्या पंख्याची घुमटी असते, टी-५५ ला नसते. काही कंपन्या एकच टरेट दोन्ही डब्यांत घालतात. तुमच्यावर ती घुमटी असेल तर आधी ती कापा, फट नंतर भरा.

प्रत्यक्ष बघायचे असतील तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बीडहून दिवसाभरात होतं. टरेटचा ओतीव पोत, वेल्डचे जाड-वाकडे शिरे जवळून बघा. किटमधला कुठला खडबडीतपणा दोष आहे आणि कुठला बरोबर आहे, हे फोटोवरून कळत नाही.

गोदाकाठ, नांदेड

घुमटी नाही, टरेट टी-५५ चंच आहे. हे एक तरी बरं निघालं. आणि आता १९७१ चीच करतो, ठरलं.

खोट्या फ्यूम एक्स्ट्रॅक्टरला काय वापरू? जुन्या पेनाची नळी बघितली, पण ती बॅरलवर सैल होते.

वाळूजचा_डायवाला

पेनाची नळी बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलिनची असते, तिला आपला गोंद धरतच नाही. त्यापेक्षा ओला वॉटर पेपर पट्टी करून बॅरलभोवती गुंडाळा आणि आधी नळी गोल करून घ्या. सांध्यावर सपाट पट्टीनं घासलं तर ती लंबगोल होते, तसं करू नका. मग स्टायरिनची पातळ शीट पट्टी कापून बॅरलवर वेढे द्या, प्रत्येक वेढ्याला गोंद. हवी तेवढी जाडी आली की थांबा आणि ड्रिलमध्ये धरून फिरवत घासा.

नळीच नकोशी झाली असेल तर वाळूज-चिकलठाण्यात लेथवाले कमी नाहीत. ॲल्युमिनियमच्या रॉडमधून टेपर देऊन काढून देतात. एका नगाला कुणी मशीन लावत नाही, दोघं-तिघं मिळून सांगा. नवखा, तुम्हीही टी-५५ च करताय ना?

नवखा_जालना

हाव, मी आहे. माझी पण नळी बिघडलीय. पण तोंडाचं भोक केवढं पाडायचं ते सांगा. किटमधी तर नुसता खळगा आहे.

वाळूजचा_डायवाला

१०० मिमीची तोफ आहे, ३५ नं भागा, २.८६ येतं. २.९ चा ड्रिल बिट घ्या. आपल्या बऱ्याच टी-५५ ना नंतर १०५ ची तोफ बसवली, ती करायची असेल तर बरोबर ३ मिमी.

गोदाकाठ, नांदेड

२.९ इथं मिळाला नाही. हार्डवेअरवाल्याकडं २.८ आहे आणि ३ आहे. ७१ चीच करायची आहे, मग २.८ चालेल?

वाळूजचा_डायवाला

चालेल. प्लास्टिकच्या नळीला आधी १ मिमीनं मध्य साधून घ्या, मग २ चा, मग २.८, सगळं हातानं. मशीन लावलं तर प्लास्टिक तापून बिटला गुंडाळतं. दफादारांच्या डब्याचं मापही टाका इथं, लेथवाल्याकडं सोबतच देऊ.